दंडावरची पांढरी गुंडी

आमच्या सरोवराकाठी कुजबूज अशी होती, की झिनेनानीच्या आईने डोंगरापलीकडच्या मांत्रिकाकडून एक पांढरी गुंडी आणली, पोरीच्या दंडावर काळ्या पट्टीने बांधली, आणि पोरीचं मरण ती गुंडी आधीच सांगते. रस्त्यावर गाडीची धूळ दिसली, की ही बाई पोरीची बाही वर सारते, तोही त्या मंत्राचाच भाग! मासळी वाळवायच्या मांडवाखाली बसणाऱ्या माझ्यासारख्या म्हाताऱ्या आजोबाच्या, सगळ्यांच्या आगोगोच्या, कानावर सगळंच येतं.

पोरीला साखरेचा आजार. इन्सुलिन सरकारी दवाखान्यातून मिळायचं, पण रक्तातली साखर मोजायच्या पट्ट्या तिथे बहुधा संपलेल्याच. मग आई अंदाजाने सुई टोचायची. पोरीला दरदरून घाम फुटला, की उसाचं कांडं तोंडात. पोर नुसती गाढ झोपली, तरी ही नाकापाशी हात धरून बसलेली.

एकदा शहरातून या आजाराच्या पाहणीची माणसं आली. त्यांनी ती गुंडी दंडावर चिकटवली आणि आईच्या हातात एक यंत्र दिलं. ते गुंडीजवळ नेलं, की साखरेचा आकडा दिसायचा. बाई आकडा बघून पोरीला मक्याच्या पिठाचा न्सिमा वाढायची, आकडा बघून झोपायची. मासळी पसरताना गायला लागली. तिचा आवाज किती बेसूर आहे, ते गावाला तेव्हा कळलं.

पाहणी संपली. माणसं यंत्र परत घेऊन गेली. गाणं थांबलं.

मग एक दिवस गावातली नाम्बेवे मांडवात झिनेनानीच्या आईकडे आली. तिचा नवरा दूर खाणीत कामाला गेला तो तिकडेच रमलेला.

"मलाही बांध की गं तसली गुंडी. माझा माणूस परत येईल."

मी म्हटलं, "आला तर ओळखशील का त्याला?"

"तोंड आवरा, आगोगो! त्याचा पुढचा दात मीच पाडलाय. ओळखेन की!"

झिनेनानीची आई खूप दिवसांनी हसली. मग हसू विरलं आणि तिने मला विचारलं, "पोरं भराभर वाढतात. एक-दोनदाच पाहिलेलं पोर माणसं ओळखतात का हो, आगोगो?"

"कोण माणसं?"

ती रस्त्याकडे बघत राहिली.

खरं एवढंच, की गुंडी केव्हाच बंद पडून गळाली होती. यंत्रवाले परत आले तर त्यांना आपली पोर ओळखू यावी, म्हणून आईने सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी कापून तीच गुंडी पुन्हा दंडावर बांधली होती. ते अजून आलेले नाहीत.