उपासाची गोळी

आमच्या खडखडताईला श्वास घ्यायला थांबलेली मी कधी पाहिली नव्हती. तोंड आणि बोटं एकदमच चालायची. कुणाचा तरी नोकरीचा अर्ज टाइपरायटरवर बडवता बडवता ती मागच्या मशीनवरच्याला त्याची चूक सांगायची, तीसुद्धा पाठमोरी, नुसत्या आवाजावरून! वाकोल्यात पिठाच्या गिरणीच्या वर आमचा टायपिंग क्लास होता आणि ताई तिथे शिकवायची. बारावीनंतर मी नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी तिला 'अहो ताई' म्हणाले. "अहो काय गो? मी काय तुझी सासू?" संपलं! तेव्हापासून 'ताई, तू'.

शिकवताना ती आमच्या हातांवर रुमाल टाकायची. "बघशील तर बुडशील," हा तिचा मंत्र. तिला स्वतःला मात्र सरकारी कचेरीत टायपिस्ट व्हायचं होतं. संपात वडिलांची मिल गेली होती, घरात मिळवती ती एकटीच. वयाची अट अशी, की त्या वर्षीची स्पीड टेस्ट तिची शेवटची. "यंदा नाय तर कधीच नाय," असं म्हणायची, आणि तेवढं बोलताना तिची बोटं क्षणभर थांबायची.

आणि नेमकी तीच बोटं मंदावली हो! भर मे महिन्यात आम्ही वह्यांनी वारा घेतोय आणि ही स्वेटर घालून बसलेली. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, हातांना सारख्या मुंग्या. दुपारी मशीनवर डोकं टेकून झोपायची. काही विचारलं तर एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा यायचा. चाळीतल्या बायकांच्या तोंडाला काय कुलूप? "बसून खाते, फुगणार नाही तर काय!" वडिलांनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. आणि मी? सांगायला लाज वाटते, पण सांगते. एकदा सरावात मी तिच्यापेक्षा जास्त शब्द टाइप केले आणि घरी जाऊन मिरवलं. गाढव कुठली!

त्याच लाजेपोटी मी तिला ओढत एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई मूळच्या दक्षिणेकडच्या, पण मराठी बोलायची भारी हौस. त्यांनी ताईच्या टाचेच्या जरा वर छोटी हातोडी मारली. पाऊल हललं खरं, पण परत जागेवर यायला त्याने निवांत वेळ घेतला. बाई आनंदाने ओरडल्या, "मिळालं!" रक्त तपासून आलं आणि नाव कळलं: थायरॉईड. गळ्यातली एवढीशी ग्रंथी कामचुकारपणा करत होती, त्यामुळे सगळं अंगच मंदावलं होतं. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे टायर बसलो म्हण की!" आम्ही पोट धरून हसलो. ताईसुद्धा हसली, जरा उशिरा.

बाईंनी गोळ्यांची बाटली दिली आणि बजावलं, "ही उपासाची गोळी. सकाळी. चुकवायची नाय. जन्मभर!"

चुकवायची नाही म्हटल्यावर ताई चुकवते होय! सोमवार आणि संकष्टी तिची होतीच. त्या दिवशी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, मोठ्या भक्तीने गोळी घ्यायची. गुण येईना तेव्हा तिने गुरुवार धरला. श्रावण लागल्यावर शनिवारसुद्धा! दोन महिने झाले, स्वेटर काही उतरेना. टेस्ट जवळ येत चालली आणि मी कॅलेंडरवर दिवस मोजायला लागले.

एका मंगळवारी मी सहज विचारलं, "ताई, गोळी घेतलीस?"

"आज खयची गोळी? आज मंगळवार. सकाळीच घावणे खाल्ले."

मी तिच्या पर्समधली बाटली काढली. वर इंग्रजीत चक्क लिहिलेलं: रोज एक. दिवसभर लोकांचे कागद वाचणाऱ्या आम्ही दोघी, आणि एकीनेही ते वाचलं नव्हतं! डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा मी शेजारीच उभी होते, मलाही उपासच कळला होता. वाट लागली म्हणत तशाच धावलो. बाईंनी कपाळावर हात मारला. "उपास नाय हो, उपाशी! पोट रिकामं! गोळी घ्यायची, मग एक तास चहासुद्धा नाय!"

"चहा नाय?" ताई मटकन खाली बसली. जन्मभराची गोळी तिने मुकाट्याने स्वीकारली होती, पण चहाविना एक तास! मग तिने हिशेबी प्रश्न टाकला, "दोन महिने फुकट गेले, तर आता रोज दोन घेतल्या तर?"

"छाती धडधडेल. मग टेस्ट नाय, इस्पितळ!" बाई म्हणाल्या. "रोज एक. आणि आठवडे लागतील, धीर धरा."

धीर आणि ताई! पण धरला तिने. पहाटे उठून गोळी घ्यायची आणि घड्याळासमोर बसायची. वडीलही तिच्यासाठी तासभर चहा मांडायचे नाहीत. दोघंही एकमेकांवर खेकसत बसायचे, पण एक दिवस चुकला नाही. आधी स्वेटर गेला. मग मुंग्या गेल्या. आणि एका दुपारी पाठमोरीच कडाडली, "मेल्यांनो, रिबन फाटली तरी बडवताय काय? कान गहाण टाकलेत?"

क्षणभर सगळी मशीनं थांबली आणि मग क्लासभर टाळ्या! शिव्या खाऊन टाळ्या वाजवणारे आम्हीच. पुढच्या आठवड्यात तिने मला अकरा शब्दांनी हरवलं आणि मी आनंदाने रडले.

टेस्टच्या दिवशी मी कचेरीच्या फाटकाशी उभी होते. तीन कप चहा झाले, नखं खाऊन संपली. ताई बाहेर आली ती घामाघूम, केस विस्कटलेले.

"काय झालं?"

"गो, वेळ संपूच्या आधी कागद संपलो!"

आम्ही तिथे रस्त्यावरच फुगडी घातली. शिपाई बघत राहिला, बघू दे!

नेमणुकीचं पत्र आलं आणि क्लासमधला तिचा शेवटचा दिवस उजाडला. तिने प्रत्येकाची एकेक शेवटची चूक काढली, पर्स उचलली आणि निघाली. आम्ही सगळे डोळे पुसत दाराशी गोळा झालो. आमचा जिना अंधारा, पायऱ्या झिजलेल्या, आणि ती दोन-दोन पायऱ्या गाळत धडाधड उतरत होती. एरवी कुणीही ओरडलं असतं, 'अगं, हळू!' त्या दिवशी कुणीच म्हटलं नाही.