मंदाबाईच्या लाल चिंध्या

मी गुरांचा डॉक्टर. म्हणजे खरा डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक. पण कारंज्याच्या आसपासच्या खेड्यांत गायीला सुई टोचता येणाऱ्याला सगळे डॉक्टरच म्हणतात आणि मीही कधी दुरुस्ती केली नाही. जीभ सैल असणं हा माझा जुना आजार. तो मंदाबाईला कसा भोवला, ते सांगायचं आहे.

मंदाबाईचं घर गावाच्या शेवटाला. तिच्या कुंपणापलीकडे फौजेचा माळ सुरू होतो. वर्षातून तीन-चारदा तिथे तोफांचा सराव चालतो. त्या दिवसांत घराघरातली भांडी थरथरतात, म्हशी पान्हा चोरतात आणि ससे आणि रोही, म्हणजे नीलगायी, वाट फुटेल तिकडे पळत सुटतात. गोळे पडतात तिथलं पवन्या गवत जळतं आणि त्या जागी गाजरगवत उगवतं, ज्याला कुठलंच जनावर तोंड लावत नाही. फक्त माळाच्या पूर्वेला, जिथे गोळे सहसा पोचत नसत, तिथे कमरेएवढं गवत टिकून होतं. सराव नसला की मंदाबाई तिथे जाऊन भारे कापायची. नवरा गेल्यापासून, म्हणजे वीस वर्षं, ती त्यावरच जगली.

त्या गवतात पावसाळ्यात तणमोर यायचा. कोंबडीएवढा पक्षी. मादीला भुलवायला नर गवतातून सरळ वर उडी मारतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात गडप होतो. दिवसभर हेच. मंदाबाईने मला मुद्दाम नेऊन दाखवला होता.

"पाहा डाक्टर, कसा नाचून राह्यला! बायकोसाठी एवढी मेहनत तुमी तरी केली काय कधी?"

पण त्या गवतावर डोळा असलेले बरेच होते, आणि अंडी उचलून नेणारेही. म्हणून मंदाबाईने एक युक्ती काढली. सरावात एखादा गोळा न फुटता पडून राहिला की जवान तिथे काठी रोवून लाल कापड बांधतात. पुढे पथक येऊन तो निकामी करतं. लाल कापड दिसलं की पाय मागे घ्यायचा, हे गावात सगळ्यांना पाठ. मंदाबाईने नवरा असतानाचं आपलं लाल लुगडं फाडलं आणि तणमोराच्या गवताभोवती काठ्या रोवून चिंध्या बांधल्या. दर दसऱ्याला ती विटलेल्या काढून नव्या बांधायची. चार वर्षं तिकडे कोणी फिरकलं नाही.

हे तिने मला एकट्याला सांगितलं. तिची अडलेली गाय मी सोडवली होती, ती खुशीत होती. "कोणाले सांगू नका," असंही म्हणाली.

मी सांगितलं. महिन्याभराने, चहाच्या टपरीवर, चारचौघांत हशा पिकवायला. अख्खं गाव भिऊन राह्यलं आणि आत बसलाय एक नाचरा कोंबडा, असं काहीतरी बोललो. सगळे हसले. मंदाबाईचा धाकटा दीर लहानू शेळ्या राखतो, तोही तिथे होता. तोही हसला.

त्या हिवाळ्याच्या सरावात काही गोळे भरकटून पूर्वेकडे पडले. माघात लहानूची एक शेळी लाल कापडापलीकडे गेली आणि तो बिनधास्त तिच्यामागे गेला. ते कापड फौजेचं होतं. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली तुटला.

वर्ध्याच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "मले वाटलं, वैनीचीच चिंधी हाय." त्याच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. मंदाबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. उजव्या बाजूला चादर जिथे सपाट पडली होती, तिथेच ती बघत राहिली.

गावी परतल्यावर ती आपल्या चिंध्या उपटायला धावली. तिने सतरा बांधल्या होत्या. आता तिथे तेवीस होत्या, आणि उन्हाने सगळ्यांचा रंग एकच झालेला. कुठली आपली, तिला ओळखू येईना. चार दिवस ती माळाच्या कडेला नुसती उभी होती. गप्प बसावं तर उद्या आणखी कोणी आत जाणार. फौजेच्या साहेबांना सांगावं तर गोळे शोधायला ते आधी गवत जाळणार, आणि गवत गेलं की तणमोर गेला.

पाचव्या दिवशी ती माझ्याकडे आली. "साहेबाले अर्ज लिहून द्या."

मी म्हणालो, "सरपंचाकडून लिहून घ्या ना."

"नाई. तुमीच लिहा."

तिने सांगितलं तसं लिहीत गेलो. शेवटी ती म्हणाली, "गवत जाळा लागन त जाळा." माझा पेन अडला. "लिहा," ती म्हणाली. मी लिहिलं, तिने खाली सही केली.

फाल्गुनात गवत जाळलं. मग यंत्रांनी जमीन उकरली. आणखी पाच जिवंत गोळे निघाले, म्हणजे तिने केलं ते बरोबरच होतं. मी स्वतःला हे पुष्कळदा सांगतो.

श्रावणात मी तिच्या गायीला बघायला गेलो, तर ती भरदुपारी बांधावर बसलेली. समोर गाजरगवत, त्याला पांढरी फुलं.

"ऐका," ती म्हणाली. "पंख वाजून राह्यले."

मी कान दिला. लांब रस्त्यावर ट्रक चालले होते, बाकी काही नाही.

"थो काय!" तिने बोट दाखवलं. तिथे काहीच नव्हतं. तिची नजर मात्र वर जात होती आणि खाली येत होती. पुन्हा वर, पुन्हा खाली. मला भीती वाटली, खरंच सांगतो.

मग मला राहवलं नाही. "मंदाबाई, लहानूले मीच सांगतलं होतं. टपरीवर."

तिने मान वळवली नाही.

"मले दवाखान्यातच समजलं होतं," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय कोणाले माहीत होतं? म्हणून त अर्ज तुमच्या हातानं लिहून घेतला."

आणि थोडं सरकून तिने मला बांधावर बसायला जागा करून दिली.