तिळाचा लाडू आणि निळं औषध

दुष्काळाच्या आदल्या साली माझ्या लघवीत साखर निघाली आणि गावाला चघळायला विषय मिळाला. नवरा साखर कारखान्यात, साखर बायकोच्या अंगात! हसणाऱ्यांचे दात पाडावेत असं वाटायचं. इकडे माझ्या पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरत नव्हती. साखर उतरली नाही तर अंगठा कापावा लागेल, असं श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं.

त्यांनीच काचेची नळी आणि निळं औषध दिलं. रोज सकाळी न्हाणीमागे जाऊन मी त्या औषधात लघवीचे थेंब टाकायची आणि चिमट्यात धरलेली नळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. निळं राहिलं तर साखर नाही, मी जिंकले; विटकरी झालं तर साखर आहे, हरले. रंग ठरेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा. सासूबाई नाक मुरडायच्या. मुरडू देत! निळा रंग दिसला की दिवसभर माझी मान ताठ असायची.

घोटाळा झाला तो थोरल्या जाऊबाईंच्या मुलीच्या साखरपुड्यात. हातात आलेला पेढा मी परत ताटात ठेवला. साखरेचं नुसतं निमित्त, सोयरीकच मला पसंत नाही, असा जाऊबाईंनी त्याचा अर्थ लावला. आमची घरं भिंतीला भिंत लागून, पण बोलणं बंद झालं. त्यांच्या बांगड्या पलीकडे वाजल्या तरी माझं कामातलं लक्ष उडायचं.

संक्रांतीला त्या आपणहून आल्या. आल्या आल्या तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या, आणखी मागितलं आणि मग डब्यातला लाडू पुढे केला.

"घे. पेढ्यात साखर हुती. ह्यात निस्ता गूळ हाय, घरचा. गुळानं काय हुत न्हाई."

आमच्याकडे सगळ्यांचीच ही समजूत. साखर कारखान्यातली, गूळ आपल्या गुऱ्हाळातला. तो कसा बाधेल? शिवाय संक्रांतीचा तिळगूळ नाकारायचा म्हणजे भांडण पुढे चालू ठेवायचं. लाडू हातात घेऊन मी चुलीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालू लागले. खाल्ला आणि बाधला तर अंगठा जातो, नाही खाल्ला तर जाऊ जाते. मला भयंकर राग आला, कुणाचा ते कळेना. शेवटी जाऊबाईंचा हात धरून त्यांना न्हाणीमागे नेलं.

लाडू पाण्यात कुस्करला, ते पाणी निळ्या औषधात टाकलं आणि नळी तापवली. आधी हिरवं झालं, मग पिवळं, मग पक्कं विटकरी.

"आक्का, तुमच्याशी बोलायचं हाय मला. लई बोलायचं हाय. पर ह्ये खाऊन न्हाई."

त्या नळीकडे बघतच राहिल्या. आता उठून जाणार, असं मी धरून चालले होते. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"माझं बघशील का?" त्या हळूच म्हणाल्या. "तहान हटत न्हाई बघ. लेकीचं लगीन व्हईस्तवर कुनाला सांगायचं न्हाई म्हनून गप ऱ्हायले."

मी नळी धुतली, औषध भरलं, त्यात त्यांच्या लघवीचे थेंब टाकले आणि चिमटा त्यांच्याच हातात दिला. त्यांनी नळी दिव्यावर धरली. रंग विटकरी झाला. रडू मला आलं, त्यांना नाही. त्यांनी लाडवांच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"उद्या सकाळी येते," त्या म्हणाल्या. "मी आल्याबिगर दिवा पेटवू नको."