टिंबाएवढी गळती

कारखान्यात त्यांना संशयराव म्हणत. फिटर म्हणून हयात गेली, पण कशावर चटकन विश्वास ठेवताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. बायको म्हणाली भाजीत मीठ घातलंय, तरी आधी चाखून बघत.

पत्रे दाबणाऱ्या मोठ्या हायड्रॉलिक प्रेसमधलं तेल कमी होत होतं आणि जमिनीवर एक थेंब नव्हता. साहेबांना तेलचोरीचा वास आला. संशयरावांना मात्र ती कोरडी जमीनच खटकली. प्रेस चालवायचा त्यांचा मेहुणा.

"नळ्या पुसतोस का रे?"

"रोज. तुमच्यासारखं कळकट ठेवू का मशीन, दाजी?"

"चालू असताना?"

"मग काय बंद करून आरती ओवाळू?"

संशयरावांनी त्याचा हात धरला. तर्जनीच्या टोकावर डास चावल्यासारखं टिंब होतं.

"हे काय?"

"कुसळ गेलं असेल लाकडाचं."

"इथे लाकूड कुठंय?"

"दाजी, दुखतसुद्धा नाही!"

न दुखणं त्यांना मुळीच आवडलं नाही. मेहुण्याला लांब उभं करून त्यांनी चष्मा चढवला, लांब काठीला पुठ्ठा बांधला आणि चालू मशीनच्या नळीलगत तो हळूहळू सरकवला. दिसलं काहीच नाही. पुठ्ठ्याला मात्र बारीक चीर पडली, कडेने तेलकट. त्यांनी मशीन बंद केलं, दाब पूर्ण उतरवला.

"पुठ्ठ्यातून जाणारं तेल कातडीची परवानगी मागत नाही. चल दवाखान्यात."

"टिंबासाठी? लोक हसतील."

"हसणाऱ्यांची बोटं शाबूत आहेत."

दाबाखालचं तेल आत गेलंय म्हटल्यावर डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच. उशीर केला तर बोट जाईल, कदाचित पंजाही, म्हणाल्या. लगेच शस्त्रक्रिया झाली. बोट उघडून तेल धुऊन काढलं. संशयराव बाहेर बसून होते. बायको शेजारी रडत होती. "तुमच्या शंका एकदाच खोट्या ठरू देत हो," म्हणाली. त्यांनाही तेच हवं होतं, पण तसं बोलून दाखवायची सवय नव्हती.

बोट वाचल्याचं सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला बाहेरच्या बाकावर बसवून ते खाटेशी जाऊन उभे राहिले.

"हलव."

मेहुण्याने वैतागून पट्टीतून डोकावणारी टोकं हलवली.

"ते शेजारचं हललं. ते नको."

मेहुण्याने दात आवळले. तर्जनीचं टोक जरासं वाकलं, सरळ झालं.

संशयराव खुर्ची ओढून बसले. "तुझ्या ताईला आत हाक मार," ते म्हणाले, "तिचा माझ्यावर विश्वास नाही."