पिकअपमधलं गुलाबी पार्टिशन

माझ्या हातून आजवर लाकडाची एकच वस्तू तयार झाली आहे, आणि ती तयार झाल्याबद्दल आमच्या घरात अजून कोणी माझं अभिनंदन केलेलं नाही.

नागपुरात जरीपटक्याला माझा थंड पाण्याच्या कॅनचा धंदा आहे. लग्न, बारसं, दुकान, दवाखाना, जिथं माणसाला तहान लागते तिथं माझी पिकअप जाते. मागच्या हिवाळ्यात आईला जाऊन वर्ष झालं. कुहीकडच्या आमच्या गावातल्या विहारात बुद्धमूर्ती बसावी, ही तिची फार दिवसांची इच्छा होती. तेव्हा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गावातच करायचा आणि त्या दिवशी आईच्या नावानं मूर्ती द्यायची, असं आम्ही ठरवलं. मूर्ती पांढऱ्या संगमरवराची, बसलेली, लहान मुलाच्या उंचीची. ती न्यायची माझ्याच गाडीतून, आणि जेवणासाठी पाण्याचे भरलेले कॅनही सोबतच न्यायचे होते.

अडचण इथंच होती. भरलेला कॅन गाडीच्या मागच्या हौद्यात एकदा आडवा झाला की तो कोणाचं ऐकत नाही. ब्रेक मारला की पुढे येतो, गाडी वळली की बाजूला जातो. तसा एखादा मूर्तीवर जाऊन आदळला तर गावाला तोंड काय दाखवायचं? म्हणून हौद्याच्या मधोमध, केबिनपासून मागच्या फाळक्यापर्यंत, एक उभं लाकडी पार्टिशन बसवायचं मी ठरवलं. एका बाजूला मूर्ती, दुसऱ्या बाजूला कॅन.

"सुतार बोलवा ना," माझी बायको सुजाता म्हणाली.

"एवढ्याशा फळीसाठी सुतार कायले? मीच करतो. आईचं काम आहे."

आईचं नाव आल्यावर ती गप्प बसली. (ती म्हणते, तेवढ्या वेळी गप्प बसायला नको होतं.)

घरात एक जुना दिवाण पडून होता. त्याचं प्लाय काढलं, टेप घेतला आणि माप घेतलं. माप अगदी बरोबर होतं. फक्त ते घेताना मागचा फाळका उघडा होता आणि मी टेप त्याच्या टोकापर्यंत ओढला होता. त्यामुळे पार्टिशन बसवल्यावर फाळका काही लागेना. मग मी प्लाय कापलं. करवत जरा तिरपी गेली, आणि आता पार्टिशन आखूड झालं. उरलेल्या फटीत जुनी गोधडी कोंबली. खाली दोन पट्ट्या ठोकल्या, केबिनच्या बाजूनं तारेनं बांधलं आणि दूर उभा राहून पाहिलं. बरं दिसत होतं.

बाबा काठी टेकत आले. त्यांनी एका बोटानं पार्टिशन ढकलून पाहिलं.

"हालते हे," ते म्हणाले.

"गाडीत सारंच हालते, बाबा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, पार्टिशनकडे पाहिलं, आणि आत जाऊन पडले.

एवढ्या चांगल्या कामाला असं उघडं लाकूड शोभणार नाही म्हणून मी त्याला ऑइलपेंट दिला. घरात एकच डबा होता, मुलीच्या खोलीसाठी आणलेला गुलाबी. दोन्ही बाजूंनी दोन-दोन हात मारले. थंडीचे दिवस, दव पडेल, म्हणून वरून ताडपत्री घट्ट बांधली. सकाळी बोट लावून पाहिलं तर रंग बोटाला लागला नाही. मला वाटलं, वाळला. तो वाळला नव्हता, गारठला होता.

आता माझ्या आत्याबद्दल आणि मावशीबद्दल सांगायला हवं. शेवंता आत्या, म्हणजे बाबांची बहीण, आमच्याच गल्लीत राहते. विमल मावशी, आईची धाकटी बहीण, कोराडीला असते. मावसाजी तिथल्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले. आईच्या शेवटच्या आजारात या दोघींनी तिचं सगळं केलं. एक दिवस ही स्वयंपाक करायची, एक दिवस ती. डॉक्टरांनी आईचं मीठ बंद केलं होतं. तरी तिच्या पायांची सूज उतरेना. "पेशंटला मीठ कोण देतं?" असं डॉक्टर चिडून म्हणाले, तेव्हा आत्यानं मावशीकडे पाहिलं आणि मावशीनं आत्याकडे. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. आईच्या अंत्ययात्रेतही एक डावीकडून चालली, एक उजवीकडून.

दोघींना गावाला घेऊन जायला माझा मेव्हणा कार आणणार होता. सकाळी त्याचा फोन आला, गाडी चालूच होत नाही. दोघी पांढऱ्या इस्त्रीच्या साड्या नेसून माझ्या दारात उभ्या होत्या, मध्ये बरंच अंतर ठेवून. केबिनमध्ये मी, गुडघे धरलेले बाबा, आणि आईचा फोटो मांडीवर घेतलेली सुजाता.

"मी मागं बसते," सुजाता हळूच म्हणाली. "एकीला इथं घ्या."

"कोणत्या एकीला?" मी विचारलं.

तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "दोघींनाही मागेच बसवा."

मी फाळका उघडला. आत्यानं आत पाहिलं. अर्धा हौदा इकडे, अर्धा तिकडे, मधोमध गुलाबी भिंत.

"आमच्यासाठी बांधली का गा ही भित, राजू?" तिनं विचारलं.

"नाही आत्या, मूर्तीसाठी आहे. कॅन आदळू नये म्हणून."

"समजलं मले. बांधली ते बरंच केलं. अन मी कोणीकडं बसू?"

सकाळीच चढवलेल्या मूर्तीला धक्का बसू नये म्हणून तिच्या बाजूला गवत पसरलं होतं, तिथं एका माणसापुरती मऊ जागा होती, आणि मावशी तोवर तिथं चढून बसलीसुद्धा होती. आत्याच्या वाट्याला कॅन आले. ती चढली, एका कॅनवर बसली आणि आभाळाकडे पाहत म्हणाली, "बसवा बाप्पा, जिथं बसवा तिथं बसतो. माहेरच्या माणसाले कॅनसंगं बसवा."

पार्टिशनच्या पलीकडून मावशी म्हणाली, "राजू, काही लोकायले बुद्धाच्या बाजूलेही भांडणच सुचते."

मी फाळका लावला आणि गाडी काढली.

ऊन वर आलं. उमरेड रोडवर आम्ही हळूहळू चाललो होतो. मी मागच्या काचेतून पाहत होतो. पहिल्या स्पीडब्रेकरला पार्टिशन मावशीच्या बाजूला कललं. मावशीनं पाठ टेकवून ते सरळ केलं, आणि थोडं जास्तच केलं. ते आत्याकडे गेलं. आत्यानं पाठ लावली आणि परत लोटलं. मग कुही फाट्यापर्यंत दोघी एकमेकींकडे पाठ करून, पाय रोवून, त्या फळीला दोन्हीकडून रेटत बसल्या. बाबांनीही वळून पाहिलं.

"मजबूत आहे हो तुझं पार्टिशन," ते म्हणाले.

मला बरं वाटलं. ते माझ्या खिळ्यांवर उभं नव्हतं, त्या दोघींच्या रागावर उभं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

गावात विहारासमोर माणसं फुलं घेऊन उभी होती. आत्या आधी उतरली. मावशी तिच्या मागून उतरली आणि आत्याच्या पाठीकडे पाहतच राहिली. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुह्या आत्याले सांग, पाठीले रंग लागला म्हणावं."

मी आत्याकडे पाहिलं. पांढऱ्या साडीवर खांद्यापासून कमरेपर्यंत रुंद गुलाबी पट्टा. तेवढ्यात मावशी फुलं घ्यायला वळली, आणि तिच्या पाठीवरही तसाच पट्टा.

मी आत्याला मावशीचा निरोप सांगितला.

"तिले म्हणा, आपली पाठ पाह्य पहिले," आत्या म्हणाली.

मी मावशीला आत्याचा निरोप सांगितला.

"मले चिडवून राहिली ती," मावशी म्हणाली. "मी नाई पाहत."

स्वतःची पाठ कोणाला दिसत नाही. दोघींनाही वाटलं, समोरची उगाच बोलते. दोघी ताठ मानेनं विहारात शिरल्या आणि मागच्या भिंतीला टेकून बसल्या. विहाराला आदल्याच दिवशी पांढरा रंग दिला होता. विहार समितीचे मेश्राम काका माझ्याजवळच उभे होते. पाणी घ्यायला दोघी जरा पुढे सरकल्या तेव्हा भिंतीवर दोन गुलाबी पट्टे शेजारी-शेजारी उमटलेले दिसले. काकांनी ते पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "हे काय आहे?"

"पार्टिशन आहे, काका," मी म्हणालो.

शेवटी सुजातानं दोघींना हाताला धरून विहाराच्या मागे हातपंपावर नेलं आणि मोबाईलवर दोघींच्या पाठीचे फोटो काढून दाखवले. दोघींनी फोटो पाहिले. मग दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

"हा वल्लाच रंग होता का गा?" आत्यानं विचारलं.

"सकाळी वाळला होता," मी म्हणालो.

"याची माय असती तं यानं आज मार खाल्ला असता," मावशी म्हणाली. हे ती माझ्याशी बोलली नाही. आत्याशी बोलली.

"माय नाई तं आपण हाओ," आत्या म्हणाली. "वळ वं विमल तिकडं. हालू नको."

मेश्राम काकांनी ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या पत्र्याच्या डबकीतलं डिझेल दिलं. आत्या फडकं भिजवून मावशीची पाठ घासू लागली आणि मी डबकी धरून उभा राहिलो. पट्टा निघत नव्हता, नुसता पसरत होता. बऱ्याच वेळानं आत्या घासता घासता थांबली.

"तुले एक विचारू? वहिनीनं तुह्याजवळ मीठ मागितलं होतं का?"

मावशी वळली नाही. "मागितलं होतं. म्हणे, शेवंताले सांगजो नको. चिमूटभरच दे."

"मलेही मागितलं. म्हणे, विमलले सांगजो नको."

"मंग तू देलं?"

"देलं. हात जोडे ती. कशी नाई म्हणू?"

"मीबी देलं," मावशी म्हणाली.

एकीच्या हातात फडकं, दुसरीची पाठ डिझेलनं ओली. मग मावशीचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. ती रडतही होती आणि हसतही होती.

"म्हणजे ताईनं दोघींचं खाल्लं," ती म्हणाली.

"अन आपल्याले वर्षभर भांडत ठेवलं," आत्या म्हणाली आणि तिनंही पदरानं डोळे पुसले. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तू काय पाहून राहिला? डबकी ठेव अन जाय, मूर्ती उतरव."

मूर्ती उतरवताना पार्टिशन आडवं येत होतं. गावातल्या दोघांनी ते जरा ओढलं तर अख्खं हातात आलं. मूर्तीला मात्र एक ओरखडाही नव्हता. भंतेजींनी वंदना घेतली, बाबांनी फुलं वाहिली, आणि पहिल्या रांगेत आत्या आणि मावशी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या, दोघींना डिझेलचा वास, दोघींच्या पाठी फिक्या गुलाबी. आई गेल्यापासून मला पहिल्यांदाच मोकळं रडू आलं.

परत येताना दोघी माझ्या गाडीत बसायला तयार झाल्या नाहीत. एसटीनं गेल्या, एकाच सीटवर. पार्टिशन काही मी परत आणलं नाही. मेश्राम काका म्हणाले, चांगली फळी आहे, विहाराला कामी येईल. पुढल्या पौर्णिमेला गेलो तेव्हा त्यांनी तिचे तुकडे करून दाराबाहेर एकाखाली एक आडवे ठोकलेले दिसले.

तेव्हापासून गावात माझ्या सुतारकामाला फार मान आहे. त्याच्यासमोर आल्यावर प्रत्येक जण आधी चपला काढतो, आणि त्याच्यावरच ठेवतो.