बेरिलचा उजवा हात

बेरिल वॅगस्टाफचा उजवा हात वर गेला की बांधकाम थांबतं. आमच्या लेस्टरशायरात नवी घरं उठवायची तर आधी वरची माती सोलतात, आणि सोलताना पुरातत्त्वाचं एक माणूस पोकलेनजवळ उभं ठेवतात. जुनं काही दिसलं की त्यानं हात वर करायचा. आमच्याकडे ते माणूस म्हणजे बेरिल.

जन्मभर बाई पावसात उभी राहून माती बघत आली. ना सोन्याचं नाणं, ना तलवार. दर वेळी निघतात त्या सातशे वर्षांपूर्वीच्या नांगरटीच्या सऱ्या, आणि दर वेळी ती घरात बारसं असल्यासारखी हरखते.

"अगं, एका नांगराला आठ बैल," ती मला सांगते. "एवढी वरात बांधाशी आल्यावर वळेल का? लांबूनच वळायला लागायचे बिचारे. म्हणून प्रत्येक सरी टोकाला वाकडी."

मी कुंपणाशी चहाची गाडी लावते. इतकी वर्षं इथलं मीठ खाल्लंय, पण मला सऱ्यांपेक्षा माणसंच जास्त दिसतात. पोकलेनवाला डेस ऑर्टन मला केव्हाच दिसला होता. विधुर माणूस, नांगरणीच्या स्पर्धेत जिल्ह्यात पहिला येणारा. त्याची सरी दोरी धरल्यासारखी सरळ. वाकड्या सऱ्या बघून तो म्हणायचा, "प्यायलं कोण होतं, बैल की मालक?"

आमच्याकडे लाडानं कोणीही कोणालाही 'बदका' म्हणतं, अगदी पाद्र्यालासुद्धा. डेस तर मुकादमालाही म्हणतो. फक्त बेरिलला 'बाई'. तिच्यासमोर त्याचं बदक घशातच अडकायचं. का, ते अख्ख्या साइटला ठाऊक होतं.

त्या शुक्रवारी बेरिलच्या नोकरीचा शेवटचा दिवस. सोमवारी ती बहिणीकडे कॉर्नवॉलला कायमची निघणार होती.

"डेस काही बोलला तर राहीन," चहा घेताना ती म्हणाली. "नाही बोलला तर जाईन."

"मग तूच बोल की."

"मला नुसता हात वर करता येतो."

आणि तिनं केला. पोकलेन थांबलं, डेस खाली उतरला, टोपी काढली.

"काय सापडलं, बाई?"

"खापर."

दगड होता. डेसनं तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "पाऊस येईलसं दिसतंय." पाऊस सकाळपासून पडतच होता.

थोड्या वेळानं पुन्हा हात. या खेपेला जुनं हाड म्हणून झाडाचं मूळ निघालं. डेस पुन्हा पावसावर बोलला. तिसऱ्यांदा तर बेरिलनं त्याला गांडूळ दाखवलं. "जुनं वाटतंय," ती म्हणाली. डेसनं गुडघ्यावर बसून ते गंभीरपणे पाहिलं. हसता हसता माझ्या हातून दूध सांडलं.

"बाई, हाताला वात आलाय का?" मुकादम प्रॉक्टर ओरडला. "मला घरं बांधायचीत, गांडुळं नाही पाळायची."

शेवटचा पट्टा उरला तेव्हा बेरिल माझ्या गाडीजवळ, प्लॉटच्या कोपऱ्यात येऊन उभी राहिली आणि तिनं हात खिशात घातला.

"आता पुरे," ती म्हणाली. "किती वेळा उतरवायचं त्याला." मला रडूच यायला लागलं.

माती सोलत पोकलेन उलटं सरकत येत होतं, पट्टा नेहमीसारखा सरळसोट. अर्ध्यावर आल्यावर तो जरासा कलला. मग आणखी. प्रॉक्टरनं शिट्टी मारली.

"अरे डेस, सरळ घे. जिल्ह्यात पहिला ना तू?"

डेस मान मागे वळवून बसला होता, त्याला काही ऐकू येत नव्हतं. ते पिवळं धूड वळत वळत आमच्याकडेच येत होतं. मी थर्मास घेऊन मागे सरले, बेरिल तसूभर हलली नाही. तिच्यापासून चार हातांवर पोकलेन थांबलं. हात वर न होता थांबलेलं मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

डेस उतरला, टोपी काढली.

"वाकडी आली सरी," बेरिल म्हणाली.

"आली," डेस म्हणाला. "मोठं धूड आहे. वळायचं तर लांबूनच वळायला लागतं, बदका."

बेरिलचा हात खिशातून निघाला आणि डेसच्या कोपरात जाऊन बसला.

"आता काय सापडलं?" प्रॉक्टर लांबून ओरडला.

पाऊस धो धो पडत होता, पण त्याबद्दल कोणीच काही बोललं नाही.