पाटावरचं पिस्तूल

तो दसरा आठवला की मला आजही एकट्यालाच हसू फुटतं. बायको विचारते, "पुन्हा तेच पिस्तूल का?" आणि मी मान हलवतो.

एकोणीसशे ऐंशीचं दशक संपत आलं होतं. न्यू जर्सीतल्या एका टाऊनच्या पोलीस खात्यात मी गस्तीवरून नुकताच तपासाच्या कामावर आलो होतो. शाळकरी वयात आई-वडिलांबरोबर इकडे आलो, मराठी घरात बोललो, इंग्रजी रस्त्यावर शिकलो. खात्यात मराठी येणारा मी एकटाच. त्यामुळे हरवलेल्या पासपोर्टपासून नवरा-बायकोच्या भांडणापर्यंत आपल्या लोकांचं सगळं माझ्याच टेबलावर यायचं. इथे नावं कुणाचीच लिहीत नाही. आपल्या मंडळींना नाव शोधून काढायला तसाही एक फोन पुरतो.

शनिवारची दुपार होती. खरा दसरा मधल्या वारी होऊन गेला होता, पण इकडे आपले सगळे सण शनिवारची वाट बघतात. ड्यूटीवरच्या सार्जंटने मला हाक मारली. हा आयरिश वंशाचा गृहस्थ, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं.

"एका बाईंचा फोन आलाय," तो म्हणाला. "समोरच्या घरात वीसेक माणसं एका पिस्तुलापुढे हात जोडून उभी आहेत म्हणे. तुझे लोक दिसतात. हा काय प्रकार आहे?"

प्रकार मला लगेच कळला. शस्त्रपूजा! दसऱ्याला आपण ज्याच्या त्याच्या हत्याराची, अवजाराची पूजा करतो. अमेरिकेत आल्यावर तलवारी मागे राहिल्या, पूजा मात्र सुटली नाही.

घर ओळखीचं होतं. यजमानीणबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "अरे, तू! ये ये, श्रीखंड घेऊनच जा." पोलीस कामाने आलाय हे त्यांच्या गावीही नव्हतं. आत येऊ का, असं मी रीतसर विचारलं. बैठकीत पाट मांडलेला. त्यावर डॉक्टर भाच्याचा स्टेथोस्कोप, दोन कॅल्क्युलेटर, शिवणकामाची कात्री, स्क्रूड्रायव्हर, विळी. आणि मधोमध लांब नळीचं पिस्तूल, त्याला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल.

मी आधी सगळ्यांना मागे सरकवलं. पिस्तूल उचललं, मॅगझिन काढलं, चेंबर तपासलं. दोन्ही रिकामी. फूल काढून ठेवताना हात आपोआप जोडले गेले. मग विचारलं, "हे कुणाचं?"

मग कोपऱ्यातून पन्नाशीचे एक काका पुढे आले. "माझं," ते म्हणाले.

काका-काकू पेनसिल्व्हेनियातून मुक्कामाला आले होते. नदीच्या पलीकडे पेनसिल्व्हेनिया, अलीकडे न्यू जर्सी. मध्ये एक पूल. पण त्या पुलावर कायदा बदलतो. तिकडे सज्ञान माणूस दुकानातून पिस्तूल घेतो, घरात ठेवतो, त्याला परवान्याची गरज नसते. इकडे ते विकत घ्यायलाच पोलिसांचा परवाना लागतो आणि गाडीतून न्यायचं तर मोजक्याच कारणांसाठी: नेमबाजीचा सराव, स्पर्धा, दुरुस्ती. तेही रिकामं आणि बंद पेटीत. बाकी कारणाने न्याल तर तुरुंग. नुकताच एक केंद्रीय कायदाही झाला होता. दोन्ही टोकांना शस्त्र कायदेशीर असेल आणि ते रिकामं, कुलपात असेल, तर मधल्या कडक राज्यातून जाऊ देणारा. पण नुसतं पार होणं वेगळं आणि पाटावर मांडून आरती करणं वेगळं.

काकूंनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अरे, पुढच्या महिन्यात यांची सिटिझनशिपची मुलाखत आहे. वीस वर्षं इंडियन पासपोर्ट सोडवत नव्हता, आत्ता कुठे मन तयार झालं. आता अटक झाली तर सगळं संपलं रे!"

खरंच संपलं असतं. शस्त्राचा गुन्हा नोंदला गेला असता तर नागरिकत्व राहिलं बाजूला, त्यांना देशातच राहू देतील की नाही हा प्रश्न होता.

मी काकांना चौकीत नेलं, बेड्या न घालता. तुम्हाला अटक केलेली नाही, उठून जायची मुभा आहे हे सांगितलं. तरी गप्प राहण्याचा आणि वकील बोलावण्याचा हक्क वाचून दाखवला. ते म्हणाले, "वकील कशाला? मी कबूल करतोय ना."

"पिस्तूल कशासाठी ठेवता, काका?"

"शिकारीसाठी."

"कसली शिकार?"

"हरणांची."

मी ते सार्जंटला इंग्रजीत सांगितलं. तो पिस्तुलाकडे बघत म्हणाला, "याने? हरणं हसून मरतील."

"काका, तुम्ही शाकाहारी ना?"

"हो. शिकार करतो, खात नाही."

आयुष्यात बरेच खोटारडे पाहिले, पण इतका वाईट खोटं बोलणारा माणूस मी पाहिला नाही. मला त्यांचा राग येईना, आणि सोडून देता येईना. पिस्तूल टेबलावर होतं. कुंकू पुसताना मूठ मी नीट पाहिली. नेमबाजाच्या हाताच्या मापाने कोरलेली लाकडी मूठ होती ती, बोटांना खाचा, अंगठ्याला टेकण.

मॅगझिन बाजूला ठेवून, नळी भिंतीकडे करून मी म्हणालो, "काका, जरा धरून दाखवा."

त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं खाचांत बसेनात. अंगठ्याची जागा उलट्या बाजूला. त्यांनी पिस्तूल फिरवून पाहिलं, मग हळूच खाली ठेवलं. मूठ डाव्या हाताची होती, आणि हात काकांच्या हातापेक्षा बराच लहान.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. भरजरी साडीतली बावीस वर्षांची मुलगी डाव्या हाताने काउंटर बडवत होती. "व्हेअर इज माय डॅड? ही डझन्ट नो एनीथिंग! इट्स माइन!" ती मावशीबरोबर ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत बांगड्या घ्यायला गेली होती. परत येऊन पाहते तर बाबा पोलिसांनी नेलेले.

मी तिला आत आणलं. ती बापावर कडाडली, "बाबा, यू कान्ट इव्हन किल अ स्पायडर!"

काका माझ्याकडे वळले. "ती लहान आहे. तिचं ऐकू नका. माझंच आहे ते."

"काका, तुमचं असेल तर गुन्हा आहे," मी म्हणालो. "नेमबाजीसाठी तिचं असेल तर बहुधा नाही."

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पोरीला वाचवायला त्यांनी जे उचलून डोक्यावर घेतलं, तेच त्यांना बुडवत होतं.

मुलगी कॉलेजच्या नेमबाजी संघात होती. रविवारी सकाळी आमच्याच राज्यात समुद्राकडच्या रेंजवर स्पर्धा होती. उद्या पोरगी निशाणा धरणार, मग आज तिच्या शस्त्राची पूजा नको का, असं काकांनाच वाटलं आणि पेटी त्यांनीच उघडली. मी तिच्या कोचला फोन केला. त्यांनी सगळं खरं असल्याचं सांगितलं आणि वर निरोप दिला, "तिला म्हणावं, लवकर झोप."

मग सरकारी वकिलांना घरी फोन लावला. ते अंगणात पानं गोळा करत होते. काकांनी आधी खोटं सांगितलं, हेही मी त्यांच्यापासून लपवलं नाही.

"स्पर्धेला जाताना वाटेत मुक्काम, हे मला पटतं," ते म्हणाले. "पण पेटीतून बाहेर का काढलं?"

"सर, ज्यावर आपलं काम चालतं, त्याला आम्ही वर्षातून एकदा नमस्कार करतो."

"गोळ्या घातल्या होत्या?"

"नाही. कुंकू लावलं होतं."

मग ते मोठ्यांदा हसले. "मलाही दोन मुली आहेत. अटक नको. पिस्तूल पेटीत, पेटीला कुलूप, आणि कुलूप उघडेल ते थेट रेंजवर. पुढच्या वर्षी पूजा नदीपलीकडे करायला सांग."

यजमानीणबाईंनी संध्याकाळी श्रीखंडाचं मोठं पातेलं चौकीत पोचवलं. सार्जंटने बोटं चाटत विचारलं, असा गुन्हा पुन्हा कधी घडेल? मुलगी स्पर्धेत तिसरी आली.

शस्त्र घेऊन प्रवास करणाऱ्याने वाटेतल्या प्रत्येक राज्याचा कायदा निघण्याआधीच विचारून घ्यावा, हे मी पुढे अनेकांना सांगितलं. पण मी स्वतः जे शिकलो ते वेगळं होतं. एखादा माणूस विचारताच गुन्हा कबूल करतो, तेव्हा पोलिसाने खूश होऊ नये. हा कुणावर इतकी माया करतो, ते आधी शोधावं. पुढच्या नोकरीत या एका गोष्टीने मला दोनदा निरपराध माणूस आत टाकण्यापासून वाचवलं.

महिन्याभराने काकांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "झालो रे पास! अधिकाऱ्याने विचारलं, कधी अटक झाली होती का? छाती काढून म्हटलं, नो सर!"

"आणि काय विचारलं?"

"विचारलं, वेळ आली तर या देशासाठी शस्त्र हाती धराल का? मी म्हटलं, जरूर धरीन. पण साहेब, नेम लागायला हवा असेल तर माझ्या मुलीला बोलवा."